हात काढ डोक्यातला! केस उपटायची सवय आणि ती सोडवायची रीत

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मध्ये मध्ये जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय. इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी.

सुरुवात करण्याआधी एक प्रश्न. आत्ता तुमच्या एका हातात फोन आहे. दुसरा हात कुठे आहे?

बऱ्याच जणांचा मांडीवर असेल, कुणाचा चहाच्या कपावर. पण काही जण हा प्रश्न वाचून दचकले असतील, कारण त्यांचा दुसरा हात केसांत होता. नुसता केसांवरून फिरत नव्हता. बोटं एकेक केस चाचपत होती, एखादा वेगळा सापडला की तो ओढून काढत होती. आजचा भाग त्यांच्यासाठी आहे. मीही त्यांच्यातलाच.

मी पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो तेव्हाची गोष्ट. सदाशिव पेठेतली अभ्यासिका, सकाळी सातला खुर्ची पकडायची ती रात्री दहापर्यंत. एकदा केस कापायला गेलो, तर सलूनवाल्या दादांनी मध्येच मशीन बंद केली आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊ, चाई पडलीय का?" मागे दुसरा आरसा धरून दाखवलं. डोक्याच्या मागच्या डाव्या बाजूला दहा रुपयांच्या नाण्याएवढा मोकळा डाग. मी म्हणालो, "हो, औषध चालू आहे."

साफ खोटं. औषध वगैरे काही चालू नव्हतं, आणि ते केस कुठे गेले हे मला पक्कं माहीत होतं. अभ्यासिकेतल्या माझ्या खुर्चीखाली. रोज रात्री उठताना मी ते चपलेने कोपऱ्यात सारायचो.

घरी गेल्यावर आईने डाग बघितला. कुणीतरी सांगितलं म्हणून तिने त्यावर लसूण चोळला. आग झाली भयंकर. केस काही आले नाहीत, येणार कसे? नवीन उगवलेले खुंट मी रात्री पुन्हा उपटत होतो. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंगातून डाग बघितला, आईला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि मग मला विचारलं, "हात जातो का तिथे सारखा?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "जात असेल तर सांगा. पुष्कळ जणांचा जातो." आणि मला एकदम रडूच आलं. पंचवीस वर्षांचा घोडा मी!

त्यांना कसं कळलं, हे मी नंतर विचारलं. चाई पडते तेव्हा शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटलेली असते. केस आपोआप गळतात आणि जागा बहुतेक वेळा गोल, गुळगुळीत होते. उपटलेल्या जागेचं तसं नसतं. कडा वेड्यावाकड्या असतात, आणि आत वेगवेगळ्या लांबीचे तुटके केस उभे असतात. काही मुळासकट आलेले, काही मध्येच तुटलेले, काही नुकते उगवलेले. म्हणजे मी आईशी आणि सलूनवाल्या दादांशी खोटं बोललो तरी माझं डोकं भिंगाखाली सगळं खरं सांगत होतं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे डॉक्टरांपासून हे लपवलं तर चुकीच्या उपायांवर पैसे आणि महिने दोन्ही जातात. माझे गेले.

या प्रकाराला नाव आहे

फ्रान्समधले त्वचारोगतज्ज्ञ फ्रांस्वा हालोपो यांनी १८८९ मध्ये, स्वतःचे केस उपटणाऱ्या एका तरुणाबद्दल लिहिताना, याला ट्रायकोटिलोमॅनिया असं नाव दिलं. ग्रीक शब्द जोडून केलेलं नाव आहे: केस, उपटणं आणि वेड. त्यातलं शेवटचं पद मला मुळीच आवडत नाही, कारण हे वेड लागणं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपली नियमावली बदलली, तेव्हा याला ओसीडीच्या जवळच्या विकारांच्या गटात ठेवलं. ओसीडी म्हणजे मनात तेच तेच विचार येणं आणि तीच तीच कृती करावीशी वाटणं. हे तेच आहे असं नाही, शेजारच्या घरातलं आहे म्हणा. त्याच आळीत कातडी खरवडणं राहतं, नखं कुरतडणं आणि ओठ चावणंही राहतं.

शंभरात साधारण एक-दोन जणांना हे आयुष्यात कधी ना कधी होतं, असा अंदाज आहे. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात निदान एखादं असू शकतं, आणि ते स्कार्फ किंवा टोपी घालून बसलेलं असतं. बहुतेकांची सुरुवात दहा ते तेरा वर्षांच्या आसपास होते. माझी सातवीत झाली, तेव्हा भुवया होत्या. मोठ्यांमध्ये उपचारांसाठी येणाऱ्यांत बायका जास्त दिसतात. पुरुषांना 'टक्कल पडतंय' म्हणून वेळ मारून नेता येते, हेही त्यामागचं एक कारण असू शकेल. मी तरी तेच करत होतो.

अजून एक गैरसमज. लोकांना वाटतं की हा माणूस स्वतःला इजा करून घेतोय. तसं नसतं. दुखवून घ्यायचं नसतंच. उलट बऱ्याच जणांना दुखतही नाही, क्षणभर बरं वाटतं, आणि सगळी गोची तिथेच आहे.

हात का जातो?

दोन तऱ्हा आहेत. एक आपोआप. तुम्ही वाचताय, मालिका बघताय, रील्स सरकवताय, आणि अर्ध्या तासाने उशीवर केसांचा पुंजका दिसतो. कधी उपटले ते आठवतही नाही. दुसरी मन लावून. आरशासमोर, चांगल्या उजेडात, कधी चिमटा घेऊन, तो एक 'चुकीचा' केस शोधत. जाडसर, खरखरीत, वेडावाकडा किंवा पांढरा. तो निघाला की सुटल्यासारखं वाटतं, मग त्याच्या शेजारचा दिसतो. बहुतेकांमध्ये दोन्ही तऱ्हा असतात.

आणि उपटल्यावर लगेच केस टाकून दिला जात नाही. मुळाशी तो पांढरा ठिपका असतो ना, तो बघायचा, बोटांत फिरवायचा, ओठांवरून ओढायचा. हे रेकॉर्ड करताना माझा आवाज इतका बारीक झाला की आमच्या एडिटरने खुणेने विचारलं, थांबायचंय का? नाही थांबलो. कारण मी वर्षानुवर्षं समजत होतो की असं करणारा जगात मी एकटाच आहे.

हे सगळं कशासाठी? मेंदूला त्यातून काहीतरी मिळतं म्हणून. कंटाळा आला असेल तर थोडी जाग येते, ताण असेल तर थोडी शांतता मिळते. ज्यातून मिळतं ते मेंदू पुन्हा करतो, हजार वेळा केल्यावर न विचारता करतो. पिंजऱ्यातले पोपट स्वतःची पिसं उपटतात, काही मांजरं अंग चाटून चाटून केस घालवतात, हे पाळणाऱ्यांना माहीत असेल. आपल्याला साफ ठेवण्याची, नीटनेटकं करण्याची जी जुनी सवय शरीरात आहे, तीच इथे हाताबाहेर जाते. घराण्यात असेल तर शक्यता थोडी वाढते.

आता यावर "हात काढ डोक्यातला!" हे किती चालेल? आमच्या घरात हे वाक्य दिवसातून वीसेक वेळा म्हटलं जायचं. हात निघायचा. दोन मिनिटं. मग मला स्वतःची लाज वाटायची, लाजेने जीव कासावीस व्हायचा, आणि जीव कासावीस झाला की हात कुठे जायचा ते तुम्हाला माहीतच आहे. पुढे पुढे मी बाथरूममध्ये जायला लागलो, कडी लावून. आईला वाटलं सवय सुटली.

मग सुटते कशी?

१९७३ मध्ये नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अशा सवयींसाठी एक पद्धत मांडली. नाव हॅबिट रिव्हर्सल, म्हणजे सवय उलटवणं. आज पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी केस उपटण्यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणून हीच पद्धत आणि तिच्यावर आधारलेली थेरपी सांगितली जाते. ऐकायला ती इतकी साधी आहे की मला आधी राग आला होता. 'एवढंच?' असं वाटलं होतं.

पहिलं काम: थांबवायचं नाही, पकडायचं. आमच्या ओळखीच्या एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, त्यांनी मला एक आठवडा फक्त वहीत लिहायला सांगितलं. हात गेला की वेळ, जागा, कोणता हात, काय चाललं होतं, मनात काय होतं. बस. उपटलेले केस फेकायचे नाहीत, पाकिटात ठेवायचे. हे ऐकून मला किळस आली. पण पाकीट खोटं बोलत नाही. पहिल्या दिवशी माझा अंदाज दहा-पंधरा केसांचा होता. रात्री मोजले, सत्तरच्या वर निघाले.

आठवड्याने वही वाचली आणि मी थक्क झालो. मला वाटत होतं मी टेन्शनमुळे उपटतो. वहीत वेगळंच होतं. गणित सोडवताना हात एकदाही गेला नव्हता, कारण एका हातात पेन आणि दुसऱ्या हाताखाली कागद. राज्यघटनेचं पुस्तक उघडून नुसतं वाचत बसलो की गेलाच. दुपारी तीन ते पाच, आणि रात्री गादीवर आडवं पडून फोन बघताना. फोन उजव्या हातात, डावा रिकामा. म्हणूनच डाग डावीकडे!

मग त्यांनी मला आरशासमोर ती कृती अगदी सावकाश करायला लावली, केसाला हात न लावता. पुन्हा पुन्हा. तिसऱ्या वेळी दिसलं की हात केसांपर्यंत पोचण्याच्या बऱ्याच आधी माझं डावं कोपर टेबलावर टेकतं आणि मान डावीकडे कलते. दरवेळी. सवयीची सुरुवात केसात नव्हती, कोपरात होती. बोटांत केस आल्यावर थांबणं फार अवघड असतं, पण कोपर टेकलंय हे लक्षात आलं तर अजून वेळ हातात असतो.

दुसरं काम: हाताला दुसरं काही द्यायचं. कोपर टेकलं, मान कलली, किंवा नुसती ओढ वाटली, की हात खाली आणायचा, अंगाजवळ सरळ ठेवायचा, मूठ वळायची आणि निदान एक मिनिट धरून ठेवायची. दुसरी कोणतीही कृती चालेल. मांडीवर हात दाबून ठेवा, पुस्तक दोन्ही हातांनी धरा, पेन घट्ट पकडा. अट एवढीच की ती करताना केस उपटणं शक्यच नसावं, चारचौघांत करता यावी आणि कुणाच्या लक्षात येऊ नये. डोक्यावर हात दाबून धरणं चालत नाही, करून बघितलंय.

तो एक मिनिट सुरुवातीला फार लांब वाटतो. डोक्यातली ती जागा अक्षरशः हाक मारते. पण ओढ चढत चढत जाते आणि मग उतरते, हे मला पहिल्यांदा तेव्हाच कळलं. तोवर मी ती उतरेपर्यंत कधी थांबलोच नव्हतो ना!

तिसरं काम: एक माणूस. फक्त एक. मी रूममेटला सांगितलं. सांगायला चार दिवस लागले, त्याला ऐकायला चार मिनिटं. तो म्हणाला, "मला वाटायचं तुला उवा झाल्यात, म्हणून मी तुझा कंगवा वापरत नव्हतो." आम्ही एक शब्द ठरवला. मला हात डोक्यात दिसला तर तो फक्त म्हणायचा, "कोपर." अभ्यासिकेत कुणालाही त्याचा अर्थ कळत नव्हता. ना ओरडणं, ना उपदेश. आणि कधी कधी संध्याकाळी सहज म्हणायचा, "आज दुपारी काही दिसलं नाही रे." ते मला फार लागायचं, चांगल्या अर्थाने.

जागा आणि वस्तू

याशिवाय उपटणं थोडं गैरसोयीचं करून ठेवायचं. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला पट्टी लावली तर केसाची पकड बसत नाही. शिंप्याचं अंगुस्तानही चालतं. रात्री खोबरेल तेल लावलं की केस निसटतात. मुलींनी झोपताना ओढणी किंवा स्कार्फ बांधावा, मी कानटोपी घालायचो, मे महिन्यातसुद्धा. चिमटा घरात नको, बाथरूमच्या आरशावरचा तो प्रखर दिवा बदला. आणि फोन आडवं पडून बघू नका, हे मी स्वतःला अजूनही सांगत असतो.

बोटांना चाळा हवाच असेल तर तोही द्यावा. मी खिशात सुतळीचा तुकडा ठेवायचो आणि त्यातले धागे एकेक करून ओढायचो. एका श्रोत्या ताईंनी कळवलं की त्या चिंचोके ठेवतात. मात्र काहींना सुतळीसारख्या गोष्टीने केसांचीच आठवण होते, त्यांनी ती टाळावी.

हॅम्बुर्गचे मानसशास्त्रज्ञ स्टेफेन मॉरिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक युक्ती सुचवली आहे. हात नेहमीसारखा डोक्याकडे जाऊ द्यायचा आणि शेवटच्या क्षणी झटक्यात वळवून भलतीकडे न्यायचा, कानाच्या पाळीला लावा किंवा हवेत न्या. ज्यांचा हात नकळत जातो त्यांनी करून बघायला हरकत नाही.

'टक्कलच करून टाक ना' हा सल्ला मात्र प्रत्येकाने दिला. मी केलं. दोन महिने डोकं वाचलं, आणि हात दाढीत गेला. सवय होती तशीच राहिली, फक्त घर बदललं.

औषध आहे का?

खात्रीची गोळी नाही. नैराश्यावर आणि ओसीडीवर दिली जाणारी औषधं केस उपटण्यावर स्वतंत्रपणे फारशी चालत नाहीत. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यासाठी मात्र उपयोगी पडतात. २००९ मध्ये अमेरिकेत ५० प्रौढांवर एन-ॲसिटिल सिस्टीन या औषधाची १२ आठवडे चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोकांना चांगला फरक पडला, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना. आकडे आशादायक आहेत, पण पुढे लहान मुलांवर चाचणी केली तेव्हा असा फायदा दिसला नाही. तेव्हा इन्स्टावर बघून मेडिकलमधून स्वतः आणू नका. डॉक्टरांना विचारा.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे. उपटलेला केस तुम्ही गिळत असाल तर हे आजच कुणाला तरी सांगा. माणसाला केस पचत नाही. तो पोटात साठतो, त्याचा गोळा होतो, कधी त्याची शेपटी आतड्यात उतरते. पोटातून केसांचा गोळा काढल्याच्या बातम्या अधूनमधून आपण वाचतो ना, त्या याच. सारखं पोट दुखणं, उलट्या, भूक मरणं, वजन उतरणं असं काही असेल तर डॉक्टरांकडे जाताना केसांची गोष्टही सांगा. नाहीतर ते पित्ताची गोळी देतील आणि तुम्ही घेत बसाल.

डागामुळे कॉलेज बुडवताय, पावसात भिजायला घाबरताय, कुणी डोक्यावर हात ठेवेल म्हणून घरच्या लग्नाला जात नाही, जगणंच नकोसं वाटतंय, यातलं काहीही असेल तर एकटे झुंजू नका. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि सायकॉलॉजिस्ट शोधताना सरळ विचारा, "तुम्ही हॅबिट रिव्हर्सल करता का?" सगळेच करतात असं नाही, आणि असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

घरच्यांसाठी दोनच गोष्टी. डाग पाहुण्यांना दाखवू नका. आणि रोज सकाळी डोकं तपासू नका. अगदी लहान, दोन-तीन वर्षांचं मूल अंगठा चोखत केस ओढत असेल तर ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं, घाबरू नका.

केस परत येतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त आला. बहुतेकदा येतात. उपटलेल्या मुळाला पुन्हा कामाला लागायला काही आठवडे ते काही महिने लागू शकतात, आणि नंतर केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. खूप वर्षं एकाच जागी उपटत राहिलं तर मात्र मूळ कायमचं दुखावू शकतं, म्हणून उद्यावर ढकलू नका.

सगळ्यात वाईट काळ कोणता सांगू? केस नुकते उगवतात तो. ते खुंटासारखे टोचतात, खाजवतात, बोटाला बाकीच्यांपेक्षा वेगळे लागतात. म्हणजे हाताला नेमकं जे हवं तेच! माझे तीन महिन्यांचे केस पूर्वपरीक्षेच्या निकालाच्या रात्री एका तासात गेले. सकाळी मी वही फाडायला घेतली होती. रूममेटने ती काढून घेतली आणि स्वतःच त्या दिवसाची नोंद केली: वेळ रात्री एक, जागा गादी, हात डावा, कारण निकाल. खाली लिहिलं, मागचे अकरा दिवस शून्य. ते अकरा मी विसरूनच गेलो होतो.

अजूनही वही चालू आहे, पण आता पान भरायला महिना लागतो. परवा केस कापायला त्याच सलूनमध्ये गेलो. दादांनी मागचा आरसा धरला, म्हणाले, "भाऊ, औषध लागू पडलं की. कोणतं होतं?" त्यांच्या मेव्हण्यालाही तसाच डाग आहे म्हणे, सारखा हात तिथेच असतो. या वेळी मी खोटं बोललो नाही. खुर्चीतच बसून पंधरा मिनिटं सगळं सांगितलं, आणि मागचं गिऱ्हाईक खोळंबलं म्हणून चिडलं.